भीतीची उलटतपासणी

छातीत धडधड सुरू होते, हात बधिर पडतात, श्वास पुरत नाही, आता आपण काही वाचत नाही असं वाटतं. घरचे मध्यरात्री रिक्षा करून इस्पितळ गाठतात. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं आणि पहाटे डॉक्टर सांगतात, "हृदय ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका." घरच्यांच्या जिवात जीव येतो. ज्याला त्रास झाला तो मात्र भीती घेऊनच घरी परततो, कारण त्याची धडधड खरी होती, घाम खरा होता. पुढच्या आठवड्यात जिना चढताना छाती जरा धडधडली की तीच रात्र पुन्हा समोर उभी राहते.

अशा रात्रीचा, म्हणजे पॅनिकच्या झटक्याचा, उलगडा ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली केला. तो इतका सुबोध आहे की प्रत्येक दवाखान्यात समजावून सांगितला जायला हवा. उन्हातून आल्यामुळे, जागरणामुळे किंवा चहा जास्त झाल्यामुळे छाती जरा धडधडते. मनात येतं, 'हा अटॅकच.' त्या विचाराने माणूस घाबरतो आणि घाबरल्यामुळे धडधड वाढते. वाढलेली धडधड मग त्या विचाराचा पुरावा ठरते. तो जोरजोरात श्वास घेऊ लागतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हाही पुरावाच वाटतो. काही मिनिटांत भीती शिगेला पोचते. हृदय या सगळ्यात आपलं काम चोख करत असतं. चुकलेला असतो तो त्याच्या धडधडीचा लावलेला अर्थ.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पहिल्यांदा छातीत दुखलं तर इस्पितळात जायलाच हवं. थायरॉइडचं वाढलेलं काम किंवा हृदयाच्या ठोक्यांमधली अनियमितता यांचं रूपही असंच असू शकतं आणि ती शक्यता डॉक्टरांनीच दूर करायची असते. पण तपासण्या स्वच्छ आल्यानंतरही भीती जात नाही, तेव्हा पुढचा प्रश्न सुरू होतो. भीती प्रसंगातून येते की प्रसंगाविषयीच्या विचारातून? आणि विचारातून येत असेल तर विचार बदलला की ती जाते का?

गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नावर भरपूर काम झालं आहे. ते वाचून माझं मत असं झालं आहे की भीतीमागचा विचार ओळखल्याशिवाय तिच्या मुळाशी पोचता येत नाही. पण नुसता ओळखून तो बदलत नाही. त्याची परीक्षा प्रत्यक्ष कृतीत घ्यावी लागते. लोकप्रिय पुस्तकं आणि भाषणं पहिला भाग उत्साहाने सांगतात आणि दुसरा गाळतात. सगळे उपाय करूनही भीती तशीच राहिलेली माणसं बहुधा या गाळलेल्या भागापाशी अडलेली असतात.

ब्राँक्सच्या बागेतला महिना

माणसाला अस्वस्थ करतात त्या घटना नव्हेत, घटनांविषयीची त्याची मतं, हा विचार गुलामगिरीत वाढलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाने सुमारे एकोणीस शतकांपूर्वी मांडला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका लाजाळू मुलाने तो तरुणपणी वाचला. या मुलाचं नाव अल्बर्ट एलिस. १९१३ चा जन्म, लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारामुळे वारंवार इस्पितळात मुक्काम. लोकांसमोर बोलणं आणि मुलींशी बोलणं या दोन्ही गोष्टींची त्याला दहशत होती. तत्त्वज्ञानाबरोबरच त्याने मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांचे लहान मुलांच्या भीतीवरचे प्रयोगही वाचले होते. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःला एका राजकीय संघटनेत भाषणं करायला भाग पाडलं. सुरुवातीला जीव नकोसा झाला, पण भीती ओसरली.

मग १९३३ च्या उन्हाळ्यात त्याने दुसरी भीती हाताशी घेतली. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, असा नेम त्याने महिनाभर चालवला. एलिसने पुढे सांगितलेल्या हिशेबानुसार अशा १३० स्त्रिया भेटल्या. ३० जणी लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं आणि भेटायचं कबूल केलं एकीनेच; तीही आली नाही. व्यवहारात ही पुरती हार होती. पण ज्या अनर्थाच्या धास्तीने तो वर्षानुवर्षं गप्प बसला होता, तो घडला नाही. नकार मिळाले आणि ते पचले. (आज कुणी हा प्रयोग जसाच्या तसा करू नये. बाकावर बसलेल्या बाईला एकटं बसायचा हक्क आहे. घ्यायचं ते त्यातलं तत्त्व.)

पुढे एलिस यांनी १९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि मनोविश्लेषणाचं शिक्षण घेतलं. रुग्णांना आपल्या बालपणाचा अर्थ उमगायचा, पण भीती जागची हलायची नाही, हे पाहून ते त्या पद्धतीपासून दूर गेले. १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची पद्धत सुरू केली. मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. सुरुवातीच्या नावात फक्त विवेक होता. १९६१ मध्ये त्यात भावना आली आणि १९९३ मध्ये वर्तन. वर्तनावरचा भर पहिल्यापासून होता, बागेतला महिना त्याला साक्ष आहे. पण नावात तो यायला जवळजवळ चार दशकं गेली. या पद्धतीविषयी जो गैरसमज आजही पसरलेला आहे, तिला केवळ वाद घालून मन वळवण्याचं शास्त्र समजण्याचा, त्याचं बीज मला या उशिरात दिसतं.

एलिस यांची खरी देणगी म्हणजे अविवेकाची त्यांनी केलेली नेमकी व्याख्या. बारावीच्या मुलीला चांगले गुण मिळावेत असं वाटणं, न मिळाल्यास वाईट वाटणं, त्यासाठी काळजीने अभ्यास करणं, हे सगळं विवेकाचं. बिघाड होतो तो इच्छेची सक्ती झाली की. गुण मिळालेच पाहिजेत. नाही मिळाले तर सगळं संपलं. ते मला सहनच होणार नाही. आणि माझी काही किंमतच उरणार नाही. एका मागणीतून हे तीन निष्कर्ष जवळपास आपोआप निघतात. त्यामुळे ते एकेक करून खोडत बसण्यापेक्षा मागणीवरच बोट ठेवावं, असं एलिस सांगत. चिंतेचे त्यांनी दोन प्रकारही वेगळे केले. एकात आपली स्वतःची किंमत पणाला लागलेली असते: व्यासपीठ, मुलाखत, वरिष्ठांची केबिन. दुसऱ्यात अस्वस्थताच असह्य वाटते: लिफ्ट, गर्दी, दंतवैद्याची खुर्ची. आपली भीती यातली कुठली, हे कळलं की निम्मी वाट कळते. पहिलीसाठी स्वतःचं मोल यशाला जोडणं सोडावं लागतं, दुसरीसाठी अस्वस्थता सोसायचा सराव करावा लागतो.

त्यांनी आणखी एक थर दाखवला आणि मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. माणूस आधी घाबरतो आणि मग आपण घाबरलो म्हणून घाबरतो. 'एवढा मोठा घोडा झालो आणि लिफ्टला भितो' ही लाज मूळ भीतीपेक्षा जड होते. तीच त्याला मदत मागू देत नाही. उपचार करणाऱ्याने पुष्कळदा सुरुवात इथूनच करायची असते.

पुरावा काय, आणि झालंच तर काय

त्याच सुमारास फिलाडेल्फियात ॲरन बेक (१९२१–२०२१) हे मनोविकारतज्ज्ञ नैराश्याच्या रुग्णांचं बोलणं बारकाईने ऐकत होते. भावना उसळण्याच्या क्षणी मनात एक छोटं वाक्य सर्रकन येऊन जातं आणि ते इतकं सवयीचं असतं की लक्षातही येत नाही, हे त्यांनी टिपलं. रुग्णाला ते वाक्य पकडायला शिकवायचं आणि दोघांनी मिळून त्याचा पुरावा तपासायचा, ही त्यांची रीत. १९८५ च्या चिंताविकारांवरच्या पुस्तकात त्यांनी आणि गॅरी एमरी यांनी मांडलेलं सूत्र असं: घाबरलेला माणूस धोका वाढवून मोजतो आणि तो निभावण्याची आपली ताकद कमी धरतो.

विचारांच्या चुकांच्या बेक-परंपरेतल्या याद्या आता सगळीकडे सापडतात, त्या इथे उतरवत नाही. त्यातल्या दोन मात्र आपल्या घरांत फार खोल रुजलेल्या आहेत. एक म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं असं गृहीत धरणं. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांवर आपल्याकडे लग्नं मोडली आहेत, शिक्षणं थांबली आहेत, आजार लपले आहेत. लोक खरंच काय म्हणाले, किती दिवस म्हणाले आणि त्याने काय बिघडलं, याची मोजदाद सहसा कुणी केलेली नसते. दुसरी चूक म्हणजे भावनेलाच पुरावा मानणं: मला भीती वाटते, म्हणजे धोका असणारच. लिफ्टमध्ये गुदमरल्यासारखं वाटतं, म्हणजे हवा कमी आहे. वास्तविक लिफ्टची पेटी हवाबंद नसते. ही माहिती त्या माणसालाही असते, पण भावनेपुढे ती निष्प्रभ ठरते.

एलिस आणि बेक यांच्यात फरक कुठे, हे एका मुलाच्या उदाहरणाने पाहू. 'मी नापास होणार' या धास्तीने त्याचं जेवणही जात नाही. बेक यांच्या वाटेने जाणारा विचारेल, "नापास होशील याला आधार काय? आजवरचे निकाल काय सांगतात?" एलिस यांच्या वाटेने जाणारा विचारेल, "समज, झालास नापास. पुढे काय करशील?" पहिल्या प्रश्नाने बऱ्याच मुलांना धीर येतो. पण शंभर टक्के खात्री जगात कुणालाच मिळत नाही आणि चिंतातुर माणसाला नेमकी तीच हवी असते. म्हणून जुनाट भीतीसाठी मला दुसरा प्रश्न अधिक पक्का वाटतो. फक्त तो मायेने विचारायला हवा, आणि ज्याच्याशी नातं जडलेलं नाही त्याला तर विचारूच नये.

सशाजवळ नेलेलं मूल

एलिस आणि बेक यांचा प्रवाह विचारांचा; दुसरा, वर्तनाचा, प्रयोगशाळेतून आला. १९२० मध्ये वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती रुजवली. उंदीर दिसला की मागे पोलादी कांब हातोड्याने वाजवायची. ती भीती काढून टाकण्याचं काम त्यांनी केलं नाही आणि आजच्या नीतिनियमांत तो प्रयोग बसणारच नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी उलट काम करून दाखवलं. पीटर नावाचं सुमारे तीन वर्षांचं मूल सशाला घाबरायचं. ते आवडीचं खात असताना ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवायचा आणि दिवसागणिक जवळ आणायचा. सशाला न भिणारी मुलंही आसपास असत. शेवटी पीटरने सशाला आपली बोटं कुरतडू दिली. एवढ्या लहान मुलाशी विचारांची चर्चा झाली नव्हती, तरी भीती गेली.

दक्षिण आफ्रिकेचे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये या मार्गाला पद्धतशीर रूप दिलं. आधी अंग सैल सोडायला शिकायचं, मग भीतीच्या पायऱ्या लावून एकेक चढायची. पुढे स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये दाखवलं की कोळी, साप, इंजेक्शन अशा एकेका गोष्टीची भीती फार तर तीन तासांच्या एकाच बैठकीत बरीच उतरवता येते. अट एवढीच की माणूस स्वेच्छेने आणि टप्प्याटप्प्याने तिच्या जवळ जाईल.

मग भीतीच्या गोष्टी रोज समोर येऊनही लोकांची भीती का जात नाही? मुंबईत रोज गर्दीच्या लोकलने जाणारा माणूस वर्षानुवर्षं घाबरत का राहतो? याचं उत्तर पॉल साल्कोव्स्किस यांनी १९९१ मध्ये दिलं. माणूस प्रसंगात जातो, पण चिलखत घालून जातो. पाण्याची बाटली हवी, दाराशीच उभं राहायचं, खिशात हृदयविकारावरची सॉर्बिट्रेटची गोळी ठेवायची, नाडी बघत राहायची, बायकोला फोन चालू ठेवायला सांगायचं. काही वाईट घडत नाही तेव्हा श्रेय बाटलीला आणि गोळीला मिळतं. 'मी गुदमरेन' हा विचार तपासला जातच नाही.

आपल्या कुटुंबांनी इथे थांबून विचार करावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे हे चिलखत पुष्कळदा घरचे लोकच असतात. सुनेला बाजारात एकटीला भीती वाटते, म्हणून सासू बरोबर जाते. मुलगा वर्गात बोलायला घाबरतो, म्हणून आई बाईंना चिठ्ठी देते. वडील दिवसातून दहा वेळा विचारतात, "माझं बीपी वाढलं नसेल ना?" आणि मुलगी दहा वेळा यंत्र लावून आकडा दाखवते. यातली प्रत्येक कृती प्रेमाची आहे आणि प्रत्येक कृती भीतीला खतपाणी घालते. हे एका दिवसात काढून घेऊ नये, तो क्रूरपणा होईल. पण सासूने या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत आणि पुढच्या आठवड्यात फाटकापर्यंतच जावं. वडिलांना मुलीने म्हणावं, "बाबा, तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय मला. पण यंत्र आता संध्याकाळी एकदाच लावायचं, असं आपण ठरवलंय." उपचारांइतकंच घरातलं हे ठरणं महत्त्वाचं असतं.

विचार आधी की कृती

दोन्ही प्रवाह एकत्र येऊन आज जिला सीबीटी (विचार-वर्तन उपचार) म्हणतात ती पद्धत घडली. पण आतला वाद मिटलेला नाही. २००७ मध्ये लाँगमोर आणि वॉरेल यांनी उपलब्ध संशोधन चाळून विचारलं, विचारांना आव्हान देण्याची खरंच गरज आहे का? नुसत्या वर्तनाच्या उपचारात ते मिसळल्याने निकाल ठळकपणे सुधारतात याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. याच्या उलट, समाजभयावर, म्हणजे लोकांसमोर जाण्याच्या भीतीवर, क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेल्या तुलनेत विचारांवर आधारलेल्या उपचाराने ८४ टक्के रुग्णांचं निदान पुसलं गेलं, तर प्रसंगाला सामोरं जाणं आणि शिथिलीकरण एवढ्यावर ४२ टक्क्यांचं. तिथे रुग्णाला आपलं लक्ष स्वतःवरून काढून समोरच्या माणसांवर न्यायला शिकवतात आणि व्हिडिओ दाखवून 'मी किती थरथरत होतो' या समजाची शहानिशा करतात.

मला यातून असं दिसतं की कोळ्याच्या किंवा उंचीच्या भीतीत कृती जवळजवळ पुरते. लोकांसमोर जाण्याच्या किंवा पॅनिकच्या भीतीत अर्थ लावण्याची चूक मध्यभागी असते, म्हणून तिथे विचारांचं काम टाळता येत नाही. पण तेही प्रयोग करूनच व्हावं लागतं.

मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के यांचं अलीकडचं काम ही सांगड चांगली घालतं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवं शिकणं उभं राहतं आणि ते तिला दाबून धरतं, असं त्या मांडतात. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांतही विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परतत असे. म्हणून प्रसंगाआधी नेमकं काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नंतर काय झालं ते पडताळायचं. अंदाज आणि अनुभव यांत जितकं अंतर, तितकं शिकणं पक्कं. भीती पुन्हा वर आली म्हणजे सगळं पाण्यात गेलं असंही नव्हे. भीती अशीच वागते.

विचारांच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. वाटेत दोरी पाहून आपण दचकतो ते साप की दोरी हे कळायच्या आधीच. मेंदूतला हा जलद मार्ग मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उलगडला आणि त्या पहिल्या दचकण्यावर कुणाचाही विवेक चालत नाही. विवेकाचं राज्य दुसऱ्या क्षणापासून सुरू होतं. रक्ताच्या भीतीचं तर सगळंच वेगळं. इतर भीतींत रक्तदाब चढतो, या भीतीत आधी चढून मग झपकन उतरतो आणि माणूस खरोखर बेशुद्ध पडतो. त्याला अंग सैल सोडायला सांगणं घातक आहे. हातापायांचे स्नायू घट्ट आवळायला शिकवावे लागतात.

विवेकाची भीती

सगळी भीती अविवेकाची नसते आणि हे विसरणाऱ्या उपचाराचा मला राग येतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले. दाराला लटकायला भिणारा माणूस शहाणा आहे. डब्यात आत, श्वास घेता येत असताना, गुदमरून मरू म्हणून भिणारा वेगळा. एकाच गाडीत दोन्ही भीती प्रवास करतात. नवऱ्याच्या मारहाणीला भिणाऱ्या बाईला, सावकाराच्या माणसांना भिणाऱ्या शेतकऱ्याला, गावच्या बहिष्काराला भिणाऱ्या कुटुंबाला 'विचार बदला' सांगणं हा अन्याय आहे. तिथे आधी संरक्षण, कायदा आणि सोबत लागते.

उलट बाजूने, अविवेकी भीतीची किंमत जीव घेण्याइतकी मोठी असू शकते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनेक अमेरिकनांनी विमान टाळून मोटारीने लांबचे प्रवास केले. पुढच्या वर्षभरात त्यामुळे सुमारे १,५०० जास्तीचे लोक रस्त्यांवर मेले, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी मांडला आहे.

आपल्याकडे

एलिस यांचा विचार मराठीत रुजवण्याचं श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचं. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता आणि त्यांनी या पद्धतीचं शिक्षण इथे अनेकांना दिलं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतून आणि आपल्या लेखनातून ती घराघरांत नेली. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. ही जमीन आधीही कोरडी नव्हती. समर्थ रामदासांनी २०५ श्लोकांत मनालाच समोर बसवून समजावलं आहे. मात्र तिथला धीर रामावरच्या श्रद्धेतून येतो आणि एलिस यांचा तपासणीतून. दोन्ही एकच आहेत असं म्हणणं दोघांवरही अन्याय करणारं आहे.

मला अधिक जवळचं नातं दिसतं ते १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामाशी. अमावास्येच्या रात्री स्मशानात कार्यक्रम करायचा, ग्रहणात सगळ्यांदेखत जेवायचं, अशा गोष्टी कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले. त्यांनी त्या उपचार म्हणून केल्या नाहीत. पण पाहणाऱ्याच्या मनातला 'आता काहीतरी अघटित होणार' हा अंदाज आणि काहीच न घडल्याचा अनुभव एकमेकांसमोर उभे राहतात. भाषणाने जी भीती हलत नाही ती अशी हलते. क्रॅस्के यांनी एका माणसासाठी जे सांगितलं, ते इथे गाव जमवून होत होतं. करणी आणि भानामतीच्या धास्तीवर जगणाऱ्या धंद्याला चाप लावणारा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये आला, त्याच वर्षी २० ऑगस्टला दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर.

करायचं काय

समजा, डोंबिवलीच्या एका तरुणाला लोकलमध्ये पॅनिकचे झटके येतात आणि हृदयाची तपासणी स्वच्छ आहे. त्याने वहीत आपलं वाक्य जसं मनात येतं तसंच लिहावं: 'गाडी थांबली नाही तर मी गुदमरून पडेन.' खाली मागणी लिहावी: 'मला धडधडताच कामा नये.' मग लिहावं: धडधडलं तर ते कष्टाचं आहे, असह्य नाही, याआधी दरवेळी ते ओसरलं आहे. इथपर्यंत कागद. नंतर दुपारच्या रिकाम्या धीम्या गाडीने कोपरपर्यंत जायचं, मग दिव्यापर्यंत, मग ठाण्यापर्यंत. बाटली घरी ठेवायची, दारापासून लांब बसायचं, फोन करायचा नाही. धडधड आली की उतरायचं नाही, ती किती चढते आणि केव्हा उतरते ते बघत राहायचं. पुढे जलद गाडी, मग संध्याकाळची. एकच पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, कारण एकदा जमलेल्या गोष्टीला मन योगायोग म्हणतं. मुद्दाम जोरात श्वास घेऊन चक्कर आणण्याचे सराव मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावेत.

भीती इतकी तीव्र असेल की घराबाहेर पडवत नाही, झोप नाही, जगण्यात रस नाही, तर वहीवर विसंबू नये. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधं अनेकांना उभं राहायला मदत करतात. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली अल्प्राझोलॅमची गोळी मात्र तासाभरात शांत करते आणि काही आठवड्यांत सवय लावते. शिवाय प्रत्येक वेळी ती शिकवते की मी गोळीमुळे वाचलो.

निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली स्थिती फार वेगळी असेल असं मानायला मला आधार दिसत नाही. तालुक्याच्या गावी विवेकनिष्ठ उपचार जाणणारा समुपदेशक आजही क्वचित सापडतो. सरकारने आशाताई, शाळेतले शिक्षक आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांना निदान क्लार्क यांचं ते चक्र आणि पायऱ्यांची पद्धत शिकवावी. त्याला मोठा खर्च लागत नाही. तोवर, तुमच्या घरात कुणी भीतीत अडकलं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक त्याला द्या. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, ती चोवीस तास आणि विनामूल्य मिळते आणि मराठीत बोलता येतं.